दबणारा दांडा

आमच्या आवारात जी गाडी उभी आहे ती मी बांधली आहे. विकत घेऊन रंगवलेली नव्हे, बांधलेली. चौकोनी पाईप कापून, जोडून, घासून तिचा सांगाडा केला आणि त्याच्यावर पत्रा चढवला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं कितीही बोललो तरी जीव त्याच्यापाशीच अडकलेला असतो. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी मी त्याला गाडीपाशी नेतो. बायको आतून ओरडते, "आधी माणसाला टेकू तरी द्या!" पण एकदा टेकलेला पाहुणा पुन्हा उठायला कुरकुरतो, हा माझा अनुभव आहे.

मी तीस वर्षं भोरला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवलं. सारोळ्याच्या पुलापासून वेल्ह्याच्या बाजारापर्यंत ज्या शेडमधून निळा उजेड चमकताना दिसतो, त्या शेडमध्ये बहुतेक करून माझाच कुणीतरी विद्यार्थी असतो. एसटीतून जाताना एखाद्याच्या अंगणातलं फाटक दिसलं तर जोड बघून मी सांगू शकतो की हे कोणत्या पोरानं केलं असेल, आणि त्यानं माझं किती ऐकलं होतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी भोरच्या बाजारात भाजी घेताना चार जणांनी "नमस्कार सर" म्हटल्याशिवाय माझी पिशवी भरत नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बायको म्हणते, लपवायचा म्हटला तरी तेवढी मोठी पेटी कुठं मिळणार.

ती नर्स होती. नोकरीच्या सुरुवातीला तिनं वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर लसीचा डबा खांद्याला अडकवून पायी फिरून काम केलं. नंतर भोरच्या दवाखान्यात बदली झाली आणि तिथूनच ती निवृत्त झाली. त्या चढउतारांनी तिचे दोन्ही गुडघे खाल्ले. आता वेल्ह्याकडच्या डोंगरउतारावर आमची चार एकर जमीन आहे. घर खालच्या अंगाला, आणि वरच्या टप्प्यावर तिनं स्वतः लावलेली आंब्याफणसाची झाडं. मधे आम्ही आमच्याच जमिनीतून काढलेला कच्चा रस्ता. त्या रस्त्याला एक वळण आहे, वळणावर एका बाजूला काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूला खाली ओढा. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तिचं वर जाणं बंद झालं होतं. एका सकाळी ती अंगणातूनच कपाळावर हात धरून झाडांकडं बघत होती. म्हणाली, "मोहोर ऱ्हायलाय का गळलाय, हितनं काय कळतंय?"

तयार गाडी घेता आली असती. आम्ही दोन-तीन गाड्या बघितल्याही. पण जीपमध्ये चढावं लागतं आणि छोट्या मोटारीत उतरावं लागतं. तिच्या गुडघ्यांना दोन्ही जमेना. घरातल्या खुर्चीवर बसावं तसं सरळ बसता येईल आणि सरळ उठता येईल, अशी गाडी कुणी विकत नव्हतं. मग मी म्हणालो, मी बांधतो. सार्वजनिक रस्त्यावर असली घरची गाडी काढता येत नाही, पण आम्हाला कुठं रस्त्यावर जायचं होतं? आमच्या अंगणातून आमच्या झाडांपर्यंत, बस्स. तिनं एकच अट घातली. गाडी ती चालवणार. आयुष्यभर ती एक तर पायी फिरली होती, नाही तर दुसऱ्याच्या जीपमध्ये मागं बसून. "माझी मी जानार. तुमाला यायचं आसंल तर शेजारी बसा," ती म्हणाली. मी सांगाडा जोडत होतो त्यात तो मोसम गेला, आणि तेवढ्यात, त्या वयात, तिनं भोरला जाऊन गाडी शिकून घेतली आणि शिकवणाऱ्याला दोनदा रडकुंडीला आणलं.

असल्या गाडीत इंजिन, गिअर, पुढचा आस, चाकं, हे सगळं एखाद्या जुन्या गाडीतून काढून घ्यायचं असतं. मला एक लहान मोटार मिळाली होती, तिचा पत्रा गंजून खाली गळत होता, पण इंजिन अजून ठणठणीत होतं. बायकोनं तिला नाव दिलं, दाता. दवाखान्यात ज्याचे डोळे किंवा मूत्रपिंड दुसऱ्याला देतात त्याला म्हणतात तसं. फक्त या दात्याचा एक अवयव आधीच कुणीतरी काढून नेला होता. स्टिअरिंगचा कॉलम. म्हणजे हातातल्या चाकापासून खाली चाकं वळवणाऱ्या यंत्रापर्यंत जाणारा दांडा आणि त्याच्याभोवतीची नळी. ड्रायव्हरचे हात आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढी एकच वस्तू असते.

कॉलम कोणता घ्यायचा हे ठरवायला आधी मापं हवी होती. मी स्वयंपाकघरातली खुर्ची अंगणात मांडली, तिला बसवलं आणि हातात जेवणाचं ताट दिलं. "हे स्टिअरिंग समज." ती ताट धरून उजवीकडं-डावीकडं वळवू लागली. मी शिंप्याची टेप घेऊन छातीपासून ताटापर्यंत, ताटापासून गुडघ्यापर्यंत अंतरं मोजली आणि पुठ्ठ्याचा साचा कापला. समोरच्या वाटेनं जाणारी म्हातारी थांबून बघत राहिली. बायको तिला म्हणाली, "जेवाय वाढा म्हनते मघापास्नं, तर हे मापं घेत्यात."

साचा घेऊन मी सारोळ्याला गेलो. हायवेच्या कडेला तिथं जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणारा एक जण आहे. माझाच विद्यार्थी. आता चाळिशी उलटली आहे, पोट सुटलंय, हाताखाली चार माणसं आहेत, पण मला बघितलं की अजून खुर्चीतून उठून उभा राहतो आणि मी बसेपर्यंत बसत नाही. त्यानं गोणपाट अंथरलं आणि तीन कॉलम आणून ओळीनं मांडले. एक जीपचा, एक व्हॅनचा आणि एक लहान मोटारीचा.

जीपचा दांडा बघूनच माझा जीव त्याच्यावर बसला. सरळ, जाड, एकसंध लोखंड, दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. पण साचा लावला तर त्याचं खालचं टोक बरोबर तिच्या गुडघ्यावर येत होतं. व्हॅनचा जवळजवळ उभाच होता, बसच्या ड्रायव्हरसारखं हात वर करून चालवावं लागलं असतं. लहान मोटारीच्या कॉलमला साचा लावला आणि तो बोटभरही न हलता बसला. जणू ताट धरून बसलेल्या माझ्या बायकोलाच बघून तो केला होता.

पण तो हातात घेतला आणि माझं तोंड कडू झालं. बाहेरच्या नळीच्या मधल्या भागात लोखंड सलग नव्हतंच. जाळी होती, पुरणाच्या चाळणीसारखी. आतला दांडा दोन तुकड्यांचा, एकात एक घातलेला, आणि ते तुकडे कशानं धरलेले? प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी! स्टिअरिंगमध्ये प्लॅस्टिक! माझ्या वर्गात कुणी असला जोड करून आणला असता तर मी तो त्याच्यासमोर भिंतीवर फेकला असता.

"हे काय रे? गंजून चाळण झालीय का?"

"न्हाई सर, कंपनीचंच हाय ते. आसंच आसतंय. त्ये काय हाय, धड..."

"कंपनीचं काय सांगतोस? कंपनीला लोखंड वाचवायचं असतं. मी बघतो त्याचं काय करायचं ते."

त्याचं तोंड उघडं होतं. ते त्यानं मिटलं. म्हणाला, "बरं सर." आणि कॉलम कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला.

पुढचे तीन दिवस मी जे काम केलं ते माझ्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी एक होतं, हे आजही म्हणतो. दोन तुकड्यांच्या दांड्यातलं ते प्लॅस्टिक काढून टाकलं आणि तुकडे एकमेकांना कायमचे जोडले. उष्णतेनं दांडा वाकडा होऊ नये म्हणून थोडा थोडा जोडत, गार होऊ देत, पुन्हा जोडत गेलो. लेथवर फिरवून बघितला, केसभरही डुगत नव्हता. मग जाळीवरून जाड पत्र्याची नळी चढवली आणि तिच्या दोन्ही कडांना असा काही जोड मारला की त्याचे पदर मोजून घ्यावेत. एकसारखे, एकावर एक निजलेले. घासून, रंगवून तो गाडीत बसवला आणि त्याला धरून लोंबकळलो. जीपच्या दांड्याचा बाप झाला होता.

रविवारी मी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं. आठ-दहा जण आले, कुणी वेल्ह्याहून, कुणी भोंगवलीहून, आणि सारोळ्याचाही आला. माझ्या जोडावरून सगळ्यांनी बोट फिरवलं. "एक नंबर, सर." "अजून हात तसाच हाय सरांचा." एकानं मोबाईलवर फोटो काढला. मी हात मागं बांधून उभा होतो आणि माझी छाती सदऱ्यात मावत नव्हती. सारोळ्याच्यानंही बोट फिरवलं. "लई मजबूत झालाय, सर," एवढंच म्हणाला आणि चहा न घेताच गेला. त्याच्या गडबडीचं मला त्या वेळी काही वाटलं नाही.

सगळे गेल्यावर बायको पहिल्यांदा गाडीत बसली. खुर्चीवर बसावी तशी बसली, गुडघा कुठंही अडला नाही. मी बाहेर उभा राहून सांगत होतो, हे बघ, हे असं, हे तसं. तिनं चाक धरलं, पुढं ढकललं, मागं ओढलं.

"अहो, ह्ये वाकतंय का कुठं?"

"वाकेल?" मी हसलो. "तू त्या कातळावर नेऊन आदळ. कातळ फुटेल, दांडा जागचा हलणार नाही."

तिनं चाक पुन्हा एकदा ढकलून बघितलं. मग म्हणाली, "मंग वाकनार काय? मीच का?"

मला कळलंच नाही. तिनं चाकावरचा हात काढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. नोकरीत असताना हायवेवरचे अपघात तिच्या दवाखान्यात यायचे. एकदा एका टेम्पोचा ड्रायव्हर आणला होता. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. बोलत होता, पाणी मागत होता, घरी कळवू नका म्हणत होता. तिनं सदऱ्याची बटणं काढली तर छातीवर चाकाचा गोल उमटला होता, आखून काढावा तसा. "माझा हात धरून व्हता तो. धरल्या धरल्या गेला," ती म्हणाली. "तवापास्नं मी गाडीत बसले की आधी ड्रायव्हरच्या छातीकडं बघते. तुमी माझ्या छातीम्होरं पहार रोवून ठेवलीया."

एखाद्या शहाण्या माणसानं तिथंच कान धरले असते. मी शहाणा नव्हतो, मी सर होतो. म्हणालो, लोखंडाचं मला शिकवू नकोस. तीस वर्षं लोखंडच शिकवलंय. तू इंजेक्शनं दे. मी आवाज चढवला होता, ते मला लिहितानाही आवडत नाही.

ती दोन्ही हातांनी दार धरून हळू उतरली. भांडली नाही. "झाडं हितनं बघंन मी," म्हणाली. "पर ही गाडी मी चालवनार न्हाई."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलम गाडीतून काढला आणि बाकावर ठेवला. माझ्या नळीचे दोन्ही कडांचे जोड कापून ती मागं सरकवली आणि खालची जाळी पुन्हा उघडी केली. चष्मा पुसून नीट बघितली. छिद्रं एकाच आकाराची होती आणि सारख्या अंतरावर होती. गंज असा रांगेनं खात नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं, आणि मला जाळी दिसली तेव्हा फक्त बुजवायची भोकं दिसली होती. आयुष्यभर भोकं बुजवली, फटी सांधल्या, डुगणारं ते घट्ट केलं. कुणीतरी मुद्दाम, विचार करून काही कच्चं ठेवलं असेल हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्या कातळाशी तिची गाडी धडकलीय असं मी मनात आणून बघितलं. आंबे बघायला निघालेली माझी बायको मी स्वतःच्या हातानं मारणार होतो, तीही सुबक जोड मारून.

तो कापलेला कॉलम घेऊन मी सारोळ्याला गेलो. तो नेहमीसारखा उठून उभा राहिला. मी बसलो नाही, त्यामुळे तोही बसेना. दोघंही उभेच.

"हे दबण्यासाठी असतं, तुला माहीत होतं?"

त्यानं खाली बघितलं. "व्हय सर. धडक बसली का जाळी चिरडती, प्लॅस्टिक तुटतंय आन् दांडा दांड्यात शिरतोय. चाक मानसाच्या अंगावर येत न्हाई."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलत व्हतो सर. तुमी म्हनला, मी बघतो."

"आणि रविवारी? गाडीत बसवलेला बघितलास तेव्हा?"

"समद्यांच्या म्होरं? तुमाला?" तो खरोखरच चकित झाला होता. "रोज वाटायचं सांगावं. फोन हातात घ्यायचो. पर सरांना कसं सांगायचं?"

मग मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की ती तो कधीच विसरला नव्हता. तो शिकत असताना एकदा मी वर्गात जोड मारून दाखवत होतो. हा मागून म्हणाला, सर, करंट जास्त लागलाय. खरंच जास्त लागला होता, पत्र्याला भोक पडलं. मी त्याला आठवडाभर वर्कशॉपच्या बाहेर उभं केलं. शिकवणारा बोलत असताना तोंड बंद, हा माझा नियम होता आणि त्या नियमाची मी इतकी वर्षं शेखी मिरवत आलो होतो. माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक जण तो नियम पाळत होता. रविवारी आठ-दहा जणांनी त्या जोडावरून बोट फिरवलं. त्यातल्या निम्म्यांना तरी माहीत असणार. सगळे तोंड बंद ठेवून गेले.

मी त्याला म्हणालो, "तेव्हा तुझं बरोबर होतं. करंट जास्तच होता." इतक्या वर्षांनी एवढंच सुचलं. तो कसनुसा हसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊंद्या की सर," आणि दोन खुर्च्या ओढल्या. आम्ही बसलो.

मग दुसरा कॉलम शोधायला उठलो. मागच्या आवारात त्याच जातीच्या लहान मोटारींचे सहा-सात कॉलम एका कोपऱ्यात टेकवून ठेवलेले होते. मी प्रत्येकाची जाळी बघितली, दांडा डुगतो का बघितलं. एक माझ्या मनात भरला. बाकीच्यांपेक्षा नवा, रंग शाबूत, किल्लीचं कुलूपसुद्धा चालू. "हा घेतो," मी म्हणालो.

त्यानं तो माझ्या हातातून घेतला, टेप काढली आणि लांबी मोजली. मग शेजारचा जुनाट कॉलम मोजला. पुन्हा पहिला मोजला.

"न्हाई सर."

"काय नाही?"

"हा दोन बोटं कमी हाय. एकदा दबलाय हा. धडकलेल्या गाडीतला हाय." त्यानं जाळीवर अंगठा ठेवून दाखवलं, एका बाजूला छिद्रं किंचित चपटी झाली होती. "ह्यानं कुनाला तरी वाचवलंय. आता त्याच्यात काय उरलं न्हाई."

माझ्यातला वेल्डर इतक्या लवकर मरणार नव्हता. मी म्हणालो, ओढून लांब करू, मी करतो, दोन बोटांचा तर प्रश्न आहे.

"न्हाई सर," तो पुन्हा म्हणाला. या वेळी मोठ्यानं. त्याची माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली. "काकींच्या म्होरं हा न्हाई लागायचा. तुमी रागवा, पायजे तर परत येऊ नका. पर माझ्या हितनं हा न्हाई जायचा."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. तीस वर्षांची सवय, ती आधी धावते. मी तोंड उघडलं, आणि त्या क्षणी मला त्याचा हात दिसला. टेप धरलेला हात त्यानं वर्गात उभा राहायचा तसा अंगाशी ताठ धरला होता. चाळिशी उलटलेला, चार माणसांचा मालक असलेला हा माणूस मला घाबरत होता आणि तरी कॉलम सोडत नव्हता. माझा राग कुठल्या कुठं गेला. आजवर कुणी माझ्या जोडाची तारीफ केली तेव्हा मला जे वाटलं, त्याच्या दसपट काहीतरी मला त्या भंगाराच्या ढिगात उभं राहून वाटलं. मी म्हणालो, "बरं. मग तू सांगशील तो."

त्यानं तो जुनाट दिसणाराच निवडला. ती गाडी कधी कुठं धडकली नव्हती, म्हाताऱ्या मालकाच्या दारात उभी राहून राहून संपली होती. लांबी पुरी, जाळी सरळ, खिळे शाबूत. कॉलम गाडीला धरून ठेवणारी पट्टीही त्याच गाडीची घ्यायला लावली, कारण धडकेत तीही सुटावी लागते. "हिला वेल्ड मारायचा न्हाई, सर. बोल्टच." मी मान डोलावली. घरी येऊन तो बसवला तेव्हा वेल्डिंगचं मशीन मी मुद्दाम शेडमध्ये कुलपात ठेवलं, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

बायकोला मी सगळं सांगितलं, वर्गातल्या करंटसकट. तिनं ऐकून घेतलं. गाडी चालवते असं काही म्हणाली नाही. "त्येला बोलवा," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. तेच आठ-दहा जण. सारोळ्याचा आला तो सरळ गाडीपाशी गेला. दार उघडून खाली वाकला, आडवा झाला, पोटामुळं जरा धापा टाकत आत शिरला आणि कॉलम धरून हलवला. बाकीचे मागं उभे होते. थोड्या वेळानं आतून आवाज आला.

"सर, हा एक बोल्ट सैल ऱ्हायलाय."

सगळे माझ्याकडं बघत होते, कोण आठवडाभर बाहेर उभं राहणार ते बघायला. मी पाना घेतला, खाली बसलो आणि त्याच्या हातात दिला. मग उठून सगळ्यांना म्हणालो, "ऐकलं ना? माझा विद्यार्थी आहे हा."



बोल्ट आवळून तो बाहेर आला, हात पुसत. बायको पायरीवरून उठली आणि गाडीपाशी आली. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. त्याला विचारलं, "नीट बघितलंस का रे?"

"बघितलं, काकी."

"मंग बसते," ती म्हणाली.

मी शेजारी बसलो. ती चाक धरून सरळ, पदर खोचून बसली होती. काळ्या कातळाच्या वळणावर तिनं गाडी हळू केली, वळवली आणि चढाला लावली. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, हातात काही नव्हतं, आणि मी अजिबात घाबरलो नव्हतो. वरच्या टप्प्यावर तिनं गाडी थांबवली, स्वतः उतरली आणि एकेका आंब्याखाली जाऊन मान वर करून बघत राहिली. बराच वेळ मी गाडीतच बसून राहिलो. तिनं हाक मारली, "या की, मोहोर धरलाय."